दहा महिन्यांचा पक्ष

पूर्व जर्मनीतील ‘डेमोक्राटिशर आउफब्रुख’, म्हणजे ‘लोकशाहीकडे प्रस्थान’ अशा अर्थाच्या नावाचा पक्ष, ऑक्टोबर १९८९ मध्ये चर्चच्या आवारात जन्माला आला आणि ऑगस्ट १९९० मध्ये ख्रिस्ती लोकशाही पक्षात, म्हणजे सीडीयूमध्ये, विलीन झाला. त्याचे आयुष्य जेमतेम दहा महिन्यांचे होते. आज त्याची आठवण निघते ती बहुधा पुढे जर्मनीच्या चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेल्या अंगेला मेर्केल यांच्या राजकीय प्रवासाचा पहिला थांबा म्हणूनच. मी त्या काळात लाइपझिगला होते. जर्मन भाषेच्या अध्यापनाचे पुढील शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्तीवर पुण्याहून गेलेली, कार्ल मार्क्स विद्यापीठाच्या हेर्डर इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारी मी एक परदेशी विद्यार्थिनी होते. या पक्षाची मी सभासद नव्हते आणि होऊही शकत नव्हते. परंतु ग्रंथालयात काम करणारी माझी एक जर्मन मैत्रीण त्यात अगदी सुरुवातीपासून होती. तिच्यासोबत सभांना बसणे, पत्रकांच्या घड्या घालणे, रात्री उशिरा तिच्या स्वयंपाकघरात त्या दिवसाच्या भांडणांचा हिशेब ऐकणे, या वाटेने तो पक्ष मला आतून पाहायला मिळाला.

त्याआधीची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ७ मे १९८९ रोजी पूर्व जर्मनीत स्थानिक निवडणुका झाल्या आणि त्यांत देशात राहणाऱ्या परदेशी लोकांनाही प्रथमच मताधिकार मिळाला होता. त्यामुळे माझ्या आयुष्यातील पहिले परदेशी मतदान मी एका हुकूमशाही राजवटीत केले. मतदान असे की, एकाच यादीची छापील मतपत्रिका हातात मिळायची, ती दुमडायची आणि पेटीत टाकायची. आडोशामागे जाऊन काही नावे खोडण्याची मुभा कागदोपत्री होती, पण तिकडे वळणाऱ्याकडे सगळ्यांच्या नजरा वळत असत. मी दुमडून टाकली. त्या रात्री निवडणूक आयोगाचे प्रमुख एगॉन क्रेन्झ यांनी यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के मते पडल्याचे जाहीर केले. त्या वेळी चर्चशी संबंधित गटांनी अनेक मतदान केंद्रांवर मतमोजणीस उभे राहून विरोधी मते स्वतः मोजून ठेवली होती आणि त्यांच्या बेरजा सरकारी आकड्यांशी जुळत नव्हत्या. माझी मैत्रीण अशाच एका केंद्रावर वही घेऊन उभी होती. राजकारणात ती आली ती या वहीमुळे. कोणत्याही विचारसरणीमुळे नव्हे.

पूर्व जर्मनीत ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांची संख्या चाळीस वर्षांत खूप घटली होती. तरीही राज्याच्या परवानगीवाचून माणसे एकत्र जमू शकतील अशी जागा चर्चखेरीज जवळजवळ उरलीच नव्हती. त्यामुळे विरोधकांमध्ये पाद्री इतके का, या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेइतकेच, किंबहुना श्रद्धेपेक्षा अधिक, छपराखाली मिळणाऱ्या जागेत होते. चर्चकडे सभागृह होते, चक्रमुद्रण यंत्र होते, आणि मंचावरून बोलण्याची व दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेण्याची सवय असलेली माणसे होती. डेमोक्राटिशर आउफब्रुखचे संस्थापक याच वर्तुळातले होते: बर्लिनच्या समारिटर चर्चचे पाद्री रायनर एपेलमान, समाजशास्त्राचा अभ्यास असलेले धर्मज्ञ एरहार्ट नॉयबर्ट, विटेनबर्गचे फ्रीडरिश शोर्लेमर, एरफुर्टचे एडेलबर्ट रिश्टर, आणि राजकीय कैद्यांचे वकील म्हणून ज्यांचे नाव चर्चच्या वर्तुळात आदराने घेतले जाई ते वोल्फगांग श्नूर. १ ऑक्टोबर १९८९ रोजी बर्लिनमध्ये स्थापनेची बैठक बोलावली होती, ती पोलिसांनी रस्ते अडवून होऊ दिली नाही. काही मंडळी मग नॉयबर्ट यांच्या घरी जमली. रीतसर स्थापना व्हायला महिनाअखेर उजाडली.

मधल्या काळात ९ ऑक्टोबरची ती संध्याकाळ येऊन गेली, ज्या दिवशी लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक निकोलाय चर्चपासून निघून राजवटीच्या विरोधात शहराच्या वळणरस्त्यावरून चालले आणि गोळीबार झाला नाही. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही. एवढेच सांगते की, आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या कचेरीतून घराबाहेर न पडण्याची सूचना मिळाली होती आणि मी ती पाळली. माझा या पक्षाशी प्रत्यक्ष संबंध आला तो नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडल्यानंतर, १६ आणि १७ डिसेंबरला लाइपझिगमध्ये भरलेल्या त्याच्या अधिवेशनाच्या वेळी.

त्या अधिवेशनात संघटनेचे रूपांतर पक्षात झाले आणि श्नूर अध्यक्ष झाले. मी पाहुण्यांच्या रांगेत मागे बसले होते. सभागृहात ओल्या लोकरीच्या कोटांचा आणि बाहेरून येणाऱ्या तपकिरी कोळशाच्या धुराचा वास होता. लाइपझिगचा हिवाळा त्या वासावाचून नव्हताच. ऑक्टोबरमधील घोषणेत या मंडळींनी असे म्हटले होते की, प्रत्यक्षातल्या समाजवादावर टीका करणे म्हणजे समाजवादी समाजाच्या कल्पनेला नकार देणे नव्हे. दहा आठवड्यांनंतर त्याच वाक्यावर सभागृह दुभंगले. कारखान्यांतून आणि छोट्या गावांतून आलेले, नोव्हेंबरनंतर सामील झालेले प्रतिनिधी उठून सांगत होते की, त्यांना समाजवाद हा शब्दच कार्यक्रमात नको आहे आणि जर्मनीचे एकीकरण हवे आहे. समोर मंचावर बसलेले पाद्री पर्यावरण, तिसरे जग आणि सामाजिक न्याय यांविषयी बोलत होते, आणि बोलत असताना आपले पाठीराखे आपल्या पुढे निघून गेले आहेत हे त्यांच्या लक्षात येत होते. ठराव एकीकरणाच्या आणि बाजारव्यवस्थेच्या बाजूने झाले. मैत्रीण त्या दिवशी दोन्ही बाजूंवर चिडलेली होती: पाद्री लोकांना शिकवू पाहतात म्हणून, आणि लोक शिकायला तयार नाहीत म्हणून.

जानेवारीत गळती सुरू झाली. शोर्लेमर आणि रिश्टर सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे गेले, नॉयबर्टही बाहेर पडले. दुसरीकडे, ६ मे रोजी ठरलेली संसदेची निवडणूक जानेवारीच्या अखेरीस अलीकडे ओढून १८ मार्चवर आणण्यात आली. ज्या पक्षाकडे सभासदांची नीट यादीही नव्हती, त्याच्या हातात सात आठवडे उरले. बॉनच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीतल्या, सीडीयूशी युती होण्यामागे या घाईचा वाटा विचारांच्या जवळिकीपेक्षा मोठा होता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

युतीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पूर्व जर्मनीत सीडीयू नावाचा पक्ष आधीपासून होता. पण तो चाळीस वर्षे कम्युनिस्टांच्या आघाडीत मुकाट्याने हात वर करत आलेला होता. नोव्हेंबरमध्ये लोथार द मेझिएर त्याचे नवे अध्यक्ष झाले, तरी जुन्या माणसांनी भरलेल्या त्याच्या कचेऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांत होत्याच. पश्चिम जर्मनीचे चान्सलर आणि तिथल्या सीडीयूचे नेते हेल्मूट कोल यांना या पक्षाचे जाळे हवे होते आणि त्याचा डाग नको होता. म्हणून ५ फेब्रुवारी १९९० रोजी पश्चिम बर्लिनमध्ये ‘जर्मनीसाठी युती’ झाली. तिच्यात जुनी पूर्व सीडीयू होती. लाइपझिगच्या थॉमस चर्चचे पाद्री हान्स-विल्हेल्म एबेलिंग यांच्या अध्यक्षतेखालील, बायर्न प्रांतातल्या सीएसयूचा, म्हणजे पश्चिमेच्या सीडीयूच्या मित्रपक्षाचा, पाठिंबा असलेली ‘जर्मन सोशल युनियन’ होती. आणि आमचा डेमोक्राटिशर आउफब्रुख होता. सीडीयूने आणली यंत्रणा, आउफब्रुखने आणली अब्रू.

हे पाहताना मला पुण्यातले १९७७ साल आठवणे अपरिहार्य होते. आणीबाणीच्या अखेरीस स्थापन होऊन दोन महिन्यांत निवडणुकीला उभा राहिलेला जनता पक्ष, एकमेकांशी आयुष्यभर भांडलेले लोक एका व्यासपीठावर, मोहन धारियांच्या सभांची गर्दी, आणि मग दोन-अडीच वर्षांत सारे पांगलेले. मैत्रिणीला मी ते सविस्तर सांगितले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले की, तुमच्याकडे एकत्र आलेल्या पक्षांपैकी पैसा कोणाचा होता? हा प्रश्न अचूक होता. जनता पक्षातले सगळे घटक कमीअधिक प्रमाणात फाटकेच होते; येथे मात्र तीन भागीदारांच्या मागे शेजारचे एक संपूर्ण, श्रीमंत राज्य उभे होते.

त्या राज्यातून काय काय येत होते, ते मी पक्षाच्या कचेरीत पाहिले. आधी आमच्याकडे मेणकागदावर टंकलेखन करून काढलेली, बोटांना शाई लागणारी पत्रके होती. फेब्रुवारीत पश्चिमेकडून गुळगुळीत भित्तिपत्रकांचे गठ्ठे, छायाप्रती काढण्याची यंत्रे आणि खोक्यांतून संगणक येऊ लागले. बर्लिनच्या कचेरीत असेच आलेले संगणक खोक्यांतून काढून जोडण्याचे काम विज्ञान अकादमीतल्या एका भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी अंगावर घेतले होते. त्या अंगेला मेर्केल. डिसेंबरमध्ये पक्षात आलेल्या मेर्केल फेब्रुवारीपर्यंत त्याच्या प्रवक्त्या झाल्या होत्या. मी त्यांना पाहिल्याचे मला आठवत नाही. आणि पाहिले असते तरी तेव्हा लक्षात राहण्याचे काही कारण नव्हते. माझ्याकडे काम होते ते पाकिटांवर पत्ते लिहिण्याचे, कारण माझे अक्षर वळणदार होते आणि मते मागण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. मजकूर मात्र मी वाचत असे. ‘पुन्हा समाजवाद नको’ हे युतीचे घोषवाक्य ठळक अक्षरांत पसरत गेले आणि आउफब्रुखच्या स्वतःच्या कागदांवरील पर्यावरणाची, निःशस्त्रीकरणाची कलमे मागच्या पानावर सरकली. मतदाराला जर एकीकरण आणि पश्चिमेचे चलन, म्हणजे मार्क, हवा असेल, तर तो थेट कोल यांच्या पक्षाला मत देईल, मध्ये आपण कशाला, हा प्रश्न कचेरीत कोणीतरी रोज विचारत असे. त्याचे उत्तर एकच होते: आपला अध्यक्ष. वोल्फगांग श्नूर हे भावी पंतप्रधान म्हणून मिरवले जात होते.

श्नूर यांच्याविषयी थोडे तपशिलाने लिहिले पाहिजे, कारण पक्षाचे भवितव्य त्यांच्याशी बांधले गेले होते. सैन्यात जाण्यास नकार देणारे तरुण, देश सोडू इच्छिणारे, गाण्यांवरून अटक झालेले कलावंत अशा कितीतरी लोकांचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते. जानेवारी १९८८ मध्ये अटक झालेले गायक श्टेफान क्राव्चिक आणि दिग्दर्शिका फ्राया क्लीअर यांचे वकील तेच होते, आणि त्या दोघांना अखेर देश सोडून पश्चिमेकडे जावे लागले होते. अशा माणसापाशी लोक जे बोलत ते पाद्र्यापाशीही बोलत नसत. मार्चच्या सुरुवातीला रोस्टोकमधील गुप्तचर खात्याच्या, म्हणजे श्टाझीच्या, कचेरीतून बातमी आली की, तेथील दप्तरात श्नूर यांच्या नावाची कागदपत्रे सापडली आहेत आणि ती खबऱ्याची आहेत.

आमच्या कचेरीत यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्या अविश्वासामागे तर्क होता. कागदपत्रे बनावट तयार करणे हा श्टाझीचा धंदाच होता. निवडणुकीच्या तोंडावर विरोधी नेत्याला बदनाम करण्यासाठी तिने असे काही मागे ठेवले असेल, हे सहज पटण्यासारखे होते. पक्षाच्या वरिष्ठांनी आरंभी अध्यक्षांची बाजू घेतली. श्नूर स्वतः सभांतून ठामपणे नाकारत होते. लोकांच्या टाळ्या पूर्वीपेक्षा वाढल्या होत्या, कारण आपल्या माणसावर आळ आला की गर्दी अधिक निष्ठावान होते. मैत्रिणीचा भाऊ एकदा त्यांचा अशील होता. ती त्या आठवड्यात फारसे बोलत नव्हती, पण पत्रके वाटायला रोज जात होती, आणि मीही तिच्यासोबत पिशवी घेऊन जात होते.

१४ मार्चला, म्हणजे मतदानाच्या चार दिवस आधी, दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. लाइपझिगमध्ये ऑपेरासमोरच्या चौकात कोल यांची शेवटची प्रचंड सभा झाली, आणि बर्लिनमध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या श्नूर यांनी राजीनामा दिला. बातमी चौकात पसरत असताना लोक काळ्या, लाल आणि सोनेरी पट्ट्यांचे झेंडे हलवीतच राहिले. आमच्या अध्यक्षांचे काय झाले याचे त्या लाखो लोकांना काही विशेष वाटले नाही, हेच मला अधिक बोलके वाटले. नंतरच्या काळात कागदपत्रे उघडी झाली, तेव्हा श्नूर १९६०च्या दशकाच्या मध्यापासून १९८९ पर्यंत ‘टोर्स्टन’ आणि ‘डॉ. राल्फ शिर्मर’ या टोपणनावांनी माहिती पुरवीत होते हे स्पष्ट झाले. १९९३ मध्ये त्यांची वकिलीची सनद गेली. मैत्रिणीच्या भावाने पुढे स्वतःची फाइल पाहण्यासाठी अर्ज केला. तिच्यात त्याला काय आढळले ते मी लिहिणार नाही.

मतदानाला चार दिवस उरले असताना पक्षाची सूत्रे एपेलमान यांच्याकडे आली. १८ मार्चच्या रविवारी मी मतदान केंद्रापर्यंत मैत्रिणीसोबत गेले आणि दाराबाहेर थांबले, कारण फोल्क्सकामरची, म्हणजे संसदेची, ही निवडणूक फक्त नागरिकांसाठी होती. आदल्या मे महिन्यात जिथे माझे मत कोणाला नको होते तिथे ते मला दिले गेले. आता ज्या एका निवडणुकीत मत मोजले जाणार होते तिथे मी बाहेर होते. नियम म्हणून त्यात गैर काही नव्हते. तरीही मी ते अंगाला लावून घेतले, हे खरे. रांगा सकाळपासून लागल्या होत्या, ९३.४ टक्के मतदान झाले.

निकालाने बहुतेक अंदाज खोटे ठरवले. सोशल डेमोक्रॅट जिंकतील असे सगळे म्हणत होते; त्यांना २१.९ टक्के मिळाले. जुन्या, डागाळलेल्या सीडीयूला ४०.८ टक्के, जर्मन सोशल युनियनला ६.३ टक्के आणि डेमोक्राटिशर आउफब्रुखला ०.९ टक्के. युतीतले पक्ष स्वतंत्र याद्यांवर लढले होते आणि किमान मतांची कोणतीही अट नव्हती, म्हणून ४०० जागांच्या सभागृहात एवढ्या मतांवरही चार जागा मिळाल्या. पश्चिम जर्मनीसारखी पाच टक्क्यांची अट असती तर एकही मिळाली नसती. शरद ऋतूत रस्त्यावर उतरण्याची हिंमत प्रथम दाखवलेल्या इतर गटांची आघाडी, बुंडनिस ९०, हीदेखील २.९ टक्क्यांवर थांबली. श्नूर प्रकरणाने पक्ष बुडाला असे नंतर पुष्कळांनी लिहिले. मला ते अर्धेच पटते. श्नूर निष्कलंक असते तर कदाचित दोन किंवा तीन टक्के मिळाले असते. पण ज्या मतदाराला कोल हवे होते त्याने मध्यस्थाला मत देण्याचे कारण उरले नव्हते, आणि हे कचेरीत आधीच कोणीतरी विचारून झाले होते.

मात्र ज्याला मते मिळाली नाहीत त्या पक्षाला पदे मिळाली. १२ एप्रिलला द मेझिएर यांचे मंत्रिमंडळ आले. एपेलमान निःशस्त्रीकरण आणि संरक्षण मंत्री झाले. साठच्या दशकात सैनिकी शपथ घेण्यास नकार दिल्याबद्दल ज्यांनी आठ महिने तुरुंगात काढले होते, तेच पाद्री आता पूर्व जर्मन सैन्याचे मंत्री होते. २४ सप्टेंबरला वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी आघाडीतून, बाहेर पडण्याच्या दस्तऐवजावर स्वाक्षरीही त्यांनीच केली. मेर्केल सरकारच्या उपप्रवक्त्या झाल्या. सीडीयूला आपल्या रांगेत असे चेहरे हवे होते, ज्यांनी चाळीस वर्षे हात वर केलेला नव्हता. ०.९ टक्क्यांच्या पक्षाचे खरे भांडवल हे होते आणि ते त्याने पुरेपूर वसूल केले, असे म्हणणे कठोर वाटले तरी अन्यायाचे नाही.

या मुद्द्यावर माझे आणि मैत्रिणीचे कायमचे मतभेद राहिले. तिच्या मते पक्ष लुबाडला गेला. त्याचे नाव वापरून जुने लोक धुऊन निघाले. मला वाटते की, पक्षाच्या नेत्यांनी डोळे उघडे ठेवून सौदा केला आणि त्यांच्याजवळ दुसरा सौदा नव्हता. स्वतःचे वर्तमानपत्र नाही, गावोगावी शाखा नाहीत, पैसा नाही, आणि ज्या चर्चच्या छपराखाली सुरुवात झाली ते छप्पर आता कोणालाच लागत नव्हते, कारण सभा भरवायला शहरातले कोणतेही सभागृह मोकळे होते. १ जुलैला पश्चिमेचा मार्क आला, कारखाने बंद पडू लागले, आणि पक्षाच्या अस्मितेविषयी चर्चा करायला सभेला येणाऱ्यांची संख्या खुर्च्यांपेक्षा कमी झाली.

४ ऑगस्ट १९९० रोजी डेमोक्राटिशर आउफब्रुख पूर्व सीडीयूमध्ये विलीन झाला. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत हांबुर्गच्या अधिवेशनात पूर्व आणि पश्चिम सीडीयू एक झाल्या, आणि ३ ऑक्टोबरला देशही एक झाला. लाइपझिगची कचेरी रिकामी करताना मी मदतीला होते. संगणक सीडीयूच्या कचेरीत गेले. मेणकागदावरची जुनी पत्रके कोणाला नको होती, म्हणून मैत्रिणीने ती दोन खोक्यांत भरून आपल्या ग्रंथालयात नेली आणि तेथे नोंदवून घेतली. सभासदांना स्वतंत्र अर्ज न करता नव्या पक्षात घेतले जाणार होते. तिने आपले नाव काढून टाकावे असे पत्र लिहिले आणि टपालात टाकण्याआधी त्यातील एक वाक्य फार तिखट झाले आहे का, ते मला वाचून दाखवले. मी ते तसेच राहू दे म्हणाले.